सिगारेट सोडताना या चुका टाळा

सिगारेट सोडायचा प्रयत्न फसला की बहुतेक जण स्वतःच्या मनोबलाला दोष देऊन मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि मेंदू लगेच पुढची मागणी करतो. अशा वेळी नुसत्या निश्चयावर भिस्त ठेवणं हीच पहिली चूक. सोडल्यानंतर चिडचिड, अस्वस्थपणा, झोप न लागणं, कामात लक्ष न लागणं, सारखी भूक हे सगळं पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त जाणवतं आणि दोन ते चार आठवड्यांत बरंचसं ओसरतं. हे आधीच ठाऊक असलं की तिसऱ्या दिवशी जीव नकोसा झाला तरी माणूस हात टेकत नाही.

‘सोडत नाही, पण कमी केलीये’

शेवटची तारीख न ठरवता कमी करत राहिलं की आकडा कमी होतो, पण झुरके खोल आणि लांब होतात. शरीर आपला निकोटिनचा हिशेब पुरा करून घेतंच. शिवाय हृदयाच्या बाबतीत ‘दिवसाला एकच’ हा दिलासा खोटा आहे. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्याचा जवळपास निम्मा धोका रोज एक ओढणाऱ्यालाही असतो. ‘लाइट’ सिगारेटचंही तेच. तिच्या फिल्टरवरची बारीक छिद्रं ओठांनी किंवा बोटांनी झाकली जातात आणि धूर पूर्वीइतकाच आत जातो. हुक्का किंवा चघळायची तंबाखू हाही पर्याय नव्हे.

म्हणून येत्या दोन आठवड्यांतली एक तारीख पक्की करा. आदल्या रात्री कपाटातली, गाडीतली, बॅगेच्या आतल्या कप्प्यातली पाकिटं, लायटर, ॲशट्रे सगळं बाहेर काढा. ‘अडीअडचणीला एक असू दे’ म्हणून ठेवलेली सिगारेट अडीअडचणीलाच ओढली जाते. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते आणि तेवढ्या वेळात सिगारेट हाताशी नसणं फार उपयोगी पडतं.

निकोटिनचं च्युइंगम साध्या च्युइंगमसारखं चघळणं

सिगारेटऐवजी थोडं निकोटिन देऊन तलफ भागवणारं हे औषधी च्युइंगम, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. भराभर चघळलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं. तिथून ते रक्तात पोचण्याआधी यकृत त्यातलं बरंचसं मोडून टाकतं. पदरात पडते ती उचकी, जळजळ, मळमळ. मग ‘च्युइंगमचा काही उपयोग नाही’ असं म्हणून माणूस सिगारेटकडे वळतो.

ते असं वापरायचं असतं: हळूहळू चावा. तिखट चव आली किंवा तोंडात झिणझिण्या आल्या की चावणं थांबवा आणि गोळी गाल व हिरडीच्या मध्ये ठेवा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडं चावा आणि दुसऱ्या बाजूला ठेवा. असं साधारण अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि गोळी तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, शीतपेय घेऊ नका, कारण आम्लामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही.

दुसरी चूक मात्रेची. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर सहसा २ मिलिग्रॅमची गोळी पुरत नाही, ४ मिलिग्रॅमची लागते. सुरुवातीच्या आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक घ्यायची असते, तलफ असह्य होईपर्यंत वाट पाहायची नसते. निकोटिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) आणि त्याच्या जोडीला च्युइंगम हे दोन्ही एकत्र वापरणं एकट्या पॅचपेक्षा जास्त परिणामकारक ठरलं आहे. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून तीन आठवड्यांत सगळं बंद करू नका. हा साधारण बारा आठवड्यांचा उपचार आहे. तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनसारख्या पोटात घ्यायच्या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांना विचारूनच. गरोदरपण, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका असं काही असेल तर च्युइंगम आणि पॅचबद्दलही आधी विचारा.

कॉफी पूर्वीइतकीच घेत राहणं

हे फारसं कुणी सांगत नाही. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा जवळपास दुप्पट वेगाने करतं. सिगारेट थांबली की काही दिवसांत हा वेग उतरतो आणि तेवढ्याच कपांनी रक्तात जास्त कॅफिन साचतं. धडधड, हातांची थरथर, उडालेली झोप, आणि दोष मात्र सिगारेट सोडण्याला! कॉफी, कडक चहा निम्म्यावर आणा. ओलान्झापिन, क्लोझापिन (मानसिक आजारांवरची) किंवा थिओफायलिन (दम्यावरचं) अशी औषधं चालू असतील तर त्यांची मात्राही बदलावी लागू शकते. डॉक्टरांना तारीख आधीच कळवा.

सोडल्यावर खोकला वाढला तर घाबरू नका. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागून साचलेला कफ बाहेर ढकलतात. खोकल्यातून रक्त आलं किंवा तो आठवडेच्या आठवडे टिकला तर मात्र तपासून घ्या. वजन काही किलोंनी वाढू शकतं, पण त्याच महिन्यात कडक डाएट सुरू करू नका. एका वेळी एकच लढाई पुरे.

एक ओढली म्हणून सगळं सोडून देणं

एक झुरका घेतला गेला तर उरलेलं पाकीट तिथल्या तिथे फेका. कुठे, कुणाबरोबर, काय पिताना घडलं ते लिहून ठेवा. दारूच्या ग्लासाबरोबर झालं असेल तर काही आठवडे ती बैठक टाळा. पॅच काढू नका आणि राहिलेला उपचार ठरल्याप्रमाणे चालू ठेवा.