गल्लीत कलाकार ठेवायचा असेल तर

जुन्या नाशकात एखाद्या कलाकाराला महिना-दीड महिना राहायला बोलवायचं मनात असेल, तर सुरुवातीचे काही दिवस त्याच्या हातात ब्रश देऊ नका. त्याला ओट्यावर बसू द्या. भिंत दिसली की रंगवायची घाई झालेले पुष्कळ येतात, आणि आमच्या तिवंधा चौकातल्या भिंतीवर वारली नाच काढून निघून जातात. त्यात तिवंधा कुठे असतो?

माझी सगळी नोकरी चित्रकला शिकवण्यात गेली आणि राहणं इथलंच, म्हणून मंडळातली पोरं अशा कामात मला धरतात. माझं पहिलं सांगणं असतं: ‘नाशिकचा वारसा’ असला अवाढव्य विषय घेऊ नका. एक गल्ली घ्या, फार तर एक चौक.

मग लोकांना बोलतं करायचं. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं की आजीबाई पदर सावरून भाषणाला बसतात, हाती काही लागत नाही. त्यापेक्षा भांडी बाजाराकडच्या कुठल्याही घरात विचारा, ‘पाणी कुठवर आलं होतं?’ आजी उठतात, दाराच्या चौकटीपाशी जातात आणि हात लावून दाखवतात. एकोणसत्तरच्या पुरात इथवर. सून म्हणते, मी २००८ चा पाहिला, तो इथवर. नातू २०१६ चा मोबाइलमधला व्हिडिओ काढतो. पाण्यावरून मग धान्याची कोठी कशी वाचवली, रात्र कुणाच्या माडीवर काढली, कोणत्या शेजाऱ्याशी तेव्हापासून बोलणं सुरू झालं, सगळं बाहेर पडतं. गंगेचा, म्हणजे आपल्या गोदावरीचा, पूर आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो. घोट्याला पाणी, कमरेला, गळ्याला. प्रत्येक घराचा तसाच एक मारुती असतो, तो शोधायचा.

यातूनच काम उभं राहतं. घरच्या माणसाने आपल्या हाताने गेरूची रेघ ओढायची, शेजारी वर्ष लिहायचं. कलाकाराने गल्लीभर त्या रेघा जोडत न्यायच्या. रेघ त्याने स्वतः ओढायची नाही, हे मी बजावून सांगते. वाड्यात मात्र आधी मालक आणि भाडेकरू दोघांचीही परवानगी घ्या, तीही लेखी. निम्म्या वाड्यांत दोघांची बोलाचाली बंद असते. एकाला विचारलंत की दुसऱ्याच्या लेखी तुम्ही त्याच्या बाजूचे झालात.

तांबटांकडे जायचं तर ध्वनीचं काम करणारा कलाकार बघा. मठार मारताना, म्हणजे भांडं हातोडीने ठोकताना, एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून पडतो, उजव्या हाताची लय सुटत नाही आणि डाव्या हाताने भांडं जरा जरा सरकत असतं. कान दिला तर आवाजावरून ठोका घागरीच्या पोकळ भागावर पडतोय की काठाशी आलाय हे ओळखू येतं. पण हे ध्वनिमुद्रण फुकट नको. तांबटकाकांचा अर्धा दिवस मोडला तर अर्ध्या दिवसाची मजुरी द्या. कलाकाराला मानधन आणि गोष्ट सांगणाऱ्याला नुसता चहा, हा हिशेब मला कधीच पटला नाही.

तारखा ठरवताना गणपती-नवरात्र टाळा, कार्यकर्ते हाती लागत नाहीत. पावसाळा तर नकोच. सगळ्यात चांगला काळ होळीच्या आसपासचा. धुळवडीला दाजीबा वीराची मिरवणूक निघते, आणि रंगपंचमीला रहाडी उघडतात. पेशवेकाळापासूनचे हे हौद वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले असतात. वरून रिक्षा जातात, कुणाला पत्ता नसतो. त्यामुळे कलाकार आठवडाभर आधी तरी पोहोचलेला हवा. माती उकरताना, लाकडाचे ओंडके काढताना, रंग उकळताना बघायला मिळतं ते रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारण्याच्या गर्दीत मिळत नाही. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, पूजेचा मानही ठरलेला. मानकऱ्यांच्या घरी आधी नारळ घेऊन जा, कॅमेरा नंतर.

पंचवटीत करणार असाल तर काळारामापाशी रामकथा ऐकून उठू नका. २ मार्च १९३० ला इथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, आणि तो काही वर्षं चालला. ‘वाद नको’ म्हणून हा भाग गाळा, असं कुणीतरी हमखास सुचवतं. गाळू नका. सत्याग्रहींच्या नातवंडांना शोधा, त्यांनाही पुजारीकाकांइतकाच वेळ द्या.

राहायला लॉज नको; वाड्यातली एखादी रिकामी खोली भाड्याने घ्या. जेवण पाळीपाळीने घरोघरी ठेवा, डब्याचे पैसे ठरवून. काकू ‘पैसे कसले घेता’ म्हणतील, तरी द्या. जुने फोटो घराबाहेर नेऊ नका. अल्बम तिथेच उघडायचा, मोबाइलने फोटो काढायचा, आणि बाळंतपणाचे किंवा वाटणीच्या भांडणाचे किस्से निघाले तर ‘हे सांगू का बाहेर?’ असं पुन्हा, दुसऱ्या दिवशी विचारायचं. रात्री बोलण्याच्या भरात दिलेला होकार मी धरत नाही.

शेवटचा कार्यक्रम चौकातच करा. सभागृह घेतलंत तर ज्यांची गोष्ट, तेच गुडघे दुखतात म्हणून येणार नाहीत. महापालिका आणि पोलीस ठाण्याचे अर्ज लवकर टाका, स्पीकर रात्री दहाला बंद. ध्वनिमुद्रणाची एक प्रत प्रत्येक घरी पेनड्राइव्हवर, एक मंडळाकडे. १८४० पासूनच्या आपल्या सार्वजनिक वाचनालयातही एक ठेवून घेतील का, ते विचारून बघा. गेरूच्या रेघा पावसात पुसल्या जातील. कुणाला दरवर्षी त्या पुन्हा ओढायच्या असतील तर गेरूचा डबा त्यांच्याकडेच ठेवा. आणि विजेची वायर ज्यांच्या मीटरवरून घेतली, त्यांचे पैसे त्याच रात्री चुकते करा.