झाडीपट्टीत हिरोईनचं काम करता करता गाणी कशी लिहायची

दर सिझनला दोन-तीन पोट्ट्या विचारतातच, ताई तुम्ही काम पण करता अन् गाणी पण लिहिता, हे जमते कसं. तर एकदाचं लिहूनच टाकते. मी काही मोठी कवयित्री नाही, बारावी पास आहे, पंधरा सिझन झाले स्टेजवर, त्यातले शेवटचे नऊ गाणी लिहिण्यात पण गेले.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं सांगते. झाडीपट्टी म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाचा धानाचा पट्टा. दिवाळी झाली, मंडई म्हणजे गावची जत्रा भरली की नाटकं सुरू, ते होळीपर्यंत. कंपन्यांची ऑफिसं बहुतेक वडसा म्हणजे देसाईगंजला, गावचं मंडळ तिथं येऊन नाटक बुक करते, अन् आपण रोज संध्याकाळी गाडीत बसून नवीन गाव. पोस्टरवर दहा लिहिलेलं असते, पडदा अकराला उघडतो, नाटक सुटते पहाटे. पैसे नाईटवर, म्हणजे जेवढे प्रयोग तेवढे. आपल्या परशुराम खुणे दादांनी पाच हजारांच्या वर प्रयोग केले तेव्हा २०२३ ला पद्मश्री मिळाली, अन् मग कुठं नागपूरच्या पलीकडच्या लोकांना कळलं की इकडं असंही काही असते.

आता कोणी म्हणेल मुंबईत स्पृहा जोशी पण ॲक्टिंग करते अन् गाणी लिहिते, मग आपण काय वेगळं करून राहिलो. वेगळं हे आहे की फिल्मचं गाणं स्टुडिओत होते, चुकलं तर परत घेता येते. आपल्याकडे पेटीवाला, तबलेवाला, ऑक्टोपॅडवाला स्टेजच्या समोर बसलेले, समोर माणसं तणसावर, म्हणजे धानाच्या वाळल्या काड्यांवर, ब्लँकेट घेऊन, थंडी अशी की तोंडातून वाफ निघते, अन् दोन वाजता तुम्हाला नाचत नाचत गायचं असते. गाणं ह्या सगळ्यासाठी लिहायचं. वहीत छान दिसते म्हणून नाही.

पहिलं म्हणजे चाल आधी धरा, शब्द मागून. नवीन पोट्ट्या उलटं करतात, आधी चार कडवी कविता लिहितात अन् मग पेटीवाल्याला म्हणतात चाल लावा, तो बिचारा कुठल्यातरी हिंदी गाण्यात ते कोंबतो. त्यापेक्षा रोवणा म्हणजे धानाची लावणी चालू असताना बाया बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जे म्हणतात ते ऐका, कोजागिरीच्या आसपास भुलाबाईची गाणी ऐका, गावात दंडार, म्हणजे आपलं जुनं लोकनाट्य, असली तर रात्रभर बसा. तशाच्या तशी चाल उचलायची नाही, पण तिचा झोका अंगात बसला पाहिजे. मी गाडीत मोबाईलवर नुसतं गुणगुणून ठेवते, शब्द नाहीच, ला ला ला. दुसऱ्या दिवशी आठवली तर चाल चांगली, नाही आठवली तर डिलीट.

टाळी वाजवून पाहायची. केरवा असेल तर आठ मात्रा, दादरा असेल तर सहा, एवढं कळलं तरी तबलेवाला तुमच्याशी नीट बोलतो. अन् आपली पट्टी, म्हणजे पेटीवरचा आपला सूर, माहीत पाहिजे. माझी काळी चार आहे, पण तिसऱ्या अंकापर्यंत गळा बसलेला असतो म्हणून उशिराचं गाणं मी मुद्दाम खालून लिहिते, वर जाणारी ओळ एकच ठेवते.

शब्दांचं सांगते. माझं पहिलं गाणं होतं, नवरा कामाला शहरात गेला अन् बायको वाट पाहते असा सीन. मी लिहिलं, "विरहाच्या ज्वालांमध्ये जळते माझी काया." लय भारी वाटलं होतं मले. स्टेजवर म्हणलं तर समोरची एक म्हातारी शेजारणीले विचारते, काय जळलं म्हणे? टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, मग हशा. रडायचा सीन होता हो. घरी येऊन बदललं ते असं:

बांधीत साचलं पाणी, निरोप नाई आला
रोवणा सरून गेला, धनी कुठं अडकला

यात काव्य किती आहे मले माहीत नाही, पण रोवणा सरला अन् माणूस आला नाही म्हणजे काय, हे तणसावर बसलेल्या प्रत्येक बाईला कळते. अजून एक पाहा, दोन्ही ओळी "आ" वर सुटतात. तोंड उघडं राहते, माईक वर टांगलेला असला तरी आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. "चिखलात" नाहीतर "एक" असा शब्द ओळीच्या शेवटी टाकला तर आवाज तिथंच तुटतो. हे मला कोणी शिकवलं नाही, थंडीनं शिकवलं.

दम पण मोजा. मुखड्यावर नाच, मधल्या म्युझिकवर गिरकी, अन् लगेच अंतरा, तर अंतऱ्याची पहिली ओळ छोटी पाहिजे, पाच-सहा शब्द, नाहीतर तुम्ही धापा टाकाल अन् माईकमध्ये फक्त श्वास ऐकू येईल. प्रॉम्प्टरच्या भरवशावर राहू नका, डायलॉग तो देतो पण गाण्यात त्याचा आवाज पेटीखाली दबतो. मी एक युक्ती करते, एका ओळीचा शेवट अन् पुढच्या ओळीची सुरुवात एकाच गोष्टीची ठेवते, पाणी म्हटलं की पुढं बांध, बांध म्हटलं की पुढं वाट. आपोआप तोंडात येते. साडी बदलायची असेल तर एक कडवं कोरसला देऊन टाका, तेवढ्यात विंगेत जाऊन या.

आता पैशाचं अन् नावाचं, इथं नीट वाचा. एका सिझनला मी एका कंपनीला तीन गाणी दिली, तोंडीच ठरलं होतं, अन् पोस्टरवर गीतकार म्हणून दुसऱ्याच माणसाचं नाव. विचारलं तर म्हणे तुला नाईट मिळते ना. तेव्हापासून मी गाणं देताना एका कागदावर लिहून सह्या घेते: गाणं कोणाचं, कोणत्या नाटकासाठी, किती सिझन, यूट्यूबवर टाकणार का, पैसे किती. कॉपीराइटच्या कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखीच लागते, अन् किती वर्षांसाठी ते लिहिलं नसेल तर पाचच वर्षं धरतात. लिहिणाऱ्याचा हक्क तो जिवंत असेपर्यंत अन् त्यानंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे तुमच्या पोरानातवंडांच्या पण कामाचा. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण ऑनलाईन होते, एका गाण्याला पाचशे रुपये सरकारी फी. मी सगळ्यांचं नाही करत, जे गाणं तीन गावात वन्स मोअर घेते त्याचंच करते. पुढं फिल्मसाठी लिहायला मिळालं तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर, थिएटरात फिल्मसोबत वाजते ते सोडून, बाकी वापराचा गीतकाराचा रॉयल्टीचा वाटा निर्मात्याला काढून घेता येत नाही, तेव्हा "सगळे हक्क दिले" अशा कागदावर डोळे मिटून सही करू नका. मुंबईची आयपीआरएस नावाची संस्था गीतकारांची रॉयल्टी गोळा करते, गाणं रिलीज झालं असेल तर मेंबर होता येते.

लिहायचं कधी? पावसाळ्यात. सिझनमध्ये झोपच होत नाही, त्यात डोकं चालत नाही, फक्त दुरुस्त्या होतात.

दुरुस्त्यांचं असं की पहिल्या तीन नाईट गाणं कच्चंच समजायचं. गाताना समोर पाहा, लोक कुठं मान हलवतात, कुठं चहाला उठतात. बक्षिसावर जाऊ नका, बक्षीस नाचाला पण देतात. तिसऱ्या नाईटला पण त्याच कडव्याला माणसं उठली तर ते कडवं काढून टाका, अन् पेटीवाल्याला आधी सांगा बरं, मी एकदा विसरली तर तो आपला वाजवतच राहिला अन् मी स्टेजच्या मधोमध पदर सावरत उभी.