छोट्या रोलरचा ऑइलचा दिवा: आधी गेज, मग पाना

डांबराचा थर पसरून झालाय, तो निवायच्या आत दाबून घ्यायचाय आणि नेमकी तेव्हाच डॅशबोर्डवरची तेलाची झारी, म्हणजे ऑइल प्रेशरचा इशारा-दिवा, लाल होते. ऑपरेटर थोडी रेस वाढवतो, दिवा विझतो, काम पुढे चालू. दीड ते तीन टनी रोलरची बरीच इंजिनं अशीच बसतात.

दिवा विझला म्हणजे प्रेशर ठीक आहे, असं नसतं. या रोलरमध्ये सहसा तीन सिलिंडरचं छोटं डिझेल इंजिन असतं आणि त्याचा प्रेशर स्विच साधारण अर्ध्या बारवर, म्हणजे ७ पीएसआयच्या आसपास, काम करतो. गरम इंजिनाला आयडलवर ०.५ ते १ बार चालून जातं. पूर्ण रेसवर मात्र २ ते ४.५ बार लागतं. तिथे ०.८ बारच मिळत असलं तरी दिवा विझलेलाच राहतो आणि बेअरिंग उपाशी राहतात. (नेमके आकडे आपल्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत, इथले आकडे अंदाज यावा म्हणून.)

दिवा लागला की व्हायब्रेशन बंद करून रोलर बाजूला घ्या आणि लगेच इंजिन बंद करा. "यार्डापर्यंत नेतो" हे परवडत नाही. तेवढ्या अंतरात क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) खरवडून निघतो.

डिपस्टिक काय सांगते

रोलर सपाट जागी उभा करून दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा. घाटात किंवा साइडपट्टीच्या उतारावर घेतलेलं माप खोटं निघतं. एका कुशीवर कललेल्या रोलरमध्ये तेल चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) एका बाजूला जातं, सक्शन पाइपचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. पातळी दोन खुणांच्या मध्याखाली असेल, तर उतारावर मधूनमधून लुकलुकणाऱ्या दिव्याचं कारण बहुधा तेच.

पातळी कमी असण्यापेक्षा वाढलेली असणं जास्त वाईट. न ओतता तेल वाढलं, तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. डिपस्टिकवरचा थेंब बोटांवर चोळून पाहा, वास घ्या. डिझेलचा वास आला आणि तेल पाण्यासारखं पातळ लागलं, तर गळका इंजेक्टर, इंधन पंपाचं सील किंवा कॅमशाफ्टवर चालणाऱ्या फीड पंपाचा फाटलेला डायफ्रॅम बघा. तेल चहात दूध घातल्यासारखं झालं असेल, तर पाणी शिरलंय: हेड गॅस्केट. दोन्ही प्रकारांत नुसतं तेल बदलून भागत नाही. कारण तसंच राहिलं तर नवं तेलही आठवड्यात तसंच होतं.

दिवा खरा की खोटा

रोलर दिवसभर थरथरतो, त्यामुळे स्विचची वायर ढिली होणं, घासून सोलली जाणं नेहमीचंच. किल्ली फिरवल्यावर, इंजिन बंद असताना, दिवा लागलाच पाहिजे; लागला नाही तर बल्ब किंवा वायर गेलेली आहे आणि मशीन इशाऱ्याविना चाललंय. उलट, दिवा लागलेलाच राहत असेल, तर इंजिन बंद ठेवूनच एका टर्मिनलच्या स्विचची वायर काढा. तरीही दिवा जळत राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. विझला तर वायर ठीक. आता दोष स्विचचा की प्रेशरचा, ते गेज सांगेल.

गेज लावणं

हे काम अर्ध्या तासाचं आहे. ड्रमच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे लावा, स्विच काढा आणि त्याच भोकात अडॅप्टर घालून ० ते १० बारचं गेज जोडा. बऱ्याच छोट्या इंजिनांना १/८ इंची आटे असतात, पण अडॅप्टर घेण्याआधी स्विच दुकानात नेऊन जुळवा. इंजिन थंड असताना आयडल आणि पूर्ण रेस अशी दोन मापं घ्या. मग वीसेक मिनिटं चालवून, पाणी ८० अंशांच्या वर गेल्यावर, तीच दोन मापं पुन्हा घ्या. निदान या चार आकड्यांच्या तुलनेतून होतं.

इंजिन थंड असताना उत्तम आणि गरम झाल्यावर आयडलला कोसळतं, म्हणजे तेल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजलेत. थंड-गरम दोन्हीकडे कमी असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडणारी झडप) अडकलाय किंवा पंप झिजलाय. रेस वाढवताना प्रेशर चढून मग खाली येतं, तेव्हा चेंबरमधली जाळी तुंबलीय: पंप जेवढं मागतो तेवढं तेल पोचत नाही. काटा थरथरत राहिला तर हवा. सक्शन पाइपची ओ-रिंग बघा.

तुंबलेल्या फिल्टरला उगीच जास्त दोष दिला जातो. त्यातला बायपास (तेलाला वळसा देणारी झडप) उघडतो आणि प्रेशर बरंचसं टिकतं, फक्त बेअरिंगला गाळलेलं तेल मिळत नाही. झीज नंतर गेजवर दिसते.

रिलीफ व्हॉल्व्हमागचा वॉशर

प्रेशर कमी दिसलं की रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे वॉशर टाकायचा, ही गॅरेजची जुनी खोड. हा व्हॉल्व्ह जास्तीत जास्त प्रेशर किती असावं एवढंच ठरवतो. गरम इंजिन आयडलला असताना तो मुळात बंदच असतो, मग वॉशरने तिथे काय वाढणार? इंजिन थंड असताना मात्र प्रेशर नको इतकं चढतं आणि फिल्टरचं सील फुटतं. व्हॉल्व्ह काढा, बॉल किंवा प्लंजर आणि त्याची सीट डिझेलने धुवा, ओरखडा किंवा कचरा दिसतो का बघा, स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडा. कमी भरली तर नवी स्प्रिंग. जाड तेल ओतणं हाही तसलाच उपाय. आकडा सुधारतो, बेअरिंग नाही.

चेंबर उतरवला की जाळी उजेडात धरा. कधी तिच्यावर काळ्या गाळात शेवयांसारखे लाल-करडे तुकडे चिकटलेले सापडतात. ते मागच्या वेळी चेंबरला सढळ हाताने लावलेलं सिलिकॉन. आत दाबलं गेलेलं तुटून थेट जाळीवर येतं. म्हणून सिलिकॉनची धार तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. स्विचच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपही गुंडाळू नका: एका टर्मिनलच्या स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं.

तेलात चकचकीत कण किंवा तांब्याच्या रंगाची चमक दिसली तर बेअरिंग उघडावेच लागतील. नव्या इंजिनात क्रँक आणि बेअरिंगमधला गाळा (फट) मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढाच असतो, तो ०.२० मिमीच्या जवळ गेला की शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) बदलणं आणि गरज पडल्यास क्रँक ग्राइंड करणं आलंच.

पुन्हा तसं होऊ नये म्हणून

आपल्याकडे मॅन्युअल वेगळं सांगत नसेल तर १५डब्ल्यू-४० डिझेल इंजिन ऑइल. नव्या इंजिनाचं पहिलं तेल ५० तासांनी, पुढे साधारण २५० तासांनी; खडीच्या धुळीत काम असेल तर १५०-२०० तासांनीच. फिल्टर दर वेळी. तीन-चार लिटर तेलाचा खर्च क्रँकपुढे काहीच नाही. ओतायला बाटली कापून केलेलं फनेल असेल तर ते झाकून ठेवा. खडीच्या ढिगाऱ्याशेजारी उघडं पडलेलं फनेल वाळूसकट इंजिनात जातं. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि डांबराचा चिकटा बसतो, इंजिन तापतं, तेल पातळ होतं. दर आठवड्याला आतून बाहेर हवा मारा. टिपरची वाट बघत तासभर आयडलवर ठेवू नका.

बेअरिंग किंवा पंपाचं काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना फिल्टरमध्ये तेल भरा, स्टॉप लिव्हर (इंधन तोडणारा दांडा) ओढून धरा आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मधे मिनिटभर थांबत. गेजचा काटा हलला की मगच लिव्हर सोडा. थंड-गरमची चारही मापं तास-मीटरच्या आकड्यासह टाकीच्या झाकणाच्या आत ऑइल पेंटने लिहून ठेवा; पुढच्या ५०० तासांना तीच ताडायची आहेत.