खाऊची पिशवी नको, कुंडी द्या

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला मी हौसेने पिशव्या भरल्या होत्या. शिट्टी, खोडरबर, टीचभर गाडी. गाडीचं चाक दारातच निखळलं. शिट्टीबद्दल बाकीच्या आया मनातल्या मनात काय म्हणाल्या असतील, ते असो.

यंदा मुलांनाच कुंड्या रंगवायला दिल्या. मातीच्या, चार इंची, तळाला भोक असलेल्या. रंगकाम आल्या आल्या उरकून घ्या. ॲक्रिलिक रंग वाळायला वीसेक मिनिटं लागतात, तेवढ्यात खेळ होतात. रंग फक्त बाहेरून. तळाशी पेन्सिलने नावं आधीच लिहून ठेवा, नाहीतर शेवटी ‘ही माझी’वरून रडारड ठरलेली. मग भोकावर खापरीचा तुकडा, वर किंचित ओलसर माती, झेंडूच्या तीन बिया आणि त्या जेमतेम झाकतील एवढीच माती. पाणी घरी गेल्यावर. आठवडाभरात कोंब दिसतो.

तीन वर्षांखालच्यांच्या हाती बिया देऊ नका, थेट तोंडात जातात. त्यांची कुंडी आईने भरावी.

मूठभर बिया जास्तीच्या ठेवा. आमच्याकडे एका पठ्ठ्याने कुंडी मिरवत नेली, तीही उलटी धरून.