जुन्या ट्रॅक्टरला लोडर बसवताय? हायड्रॉलिक पंप घेताना या चुका टाळा

“पाच टनाचा पंप द्या,” असं दुकानात सांगितलं जातं आणि चूक तिथेच सुरू होते. पंपाला टन नसतात. किती वजन उचलणार हे ठरतं जॅकच्या (बकेट उचलणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या) व्यासावर, लोडरच्या हाताच्या लांबीवर आणि जास्तीचा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह किती बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) लावलाय त्यावर. पंप ठरवतो तो वेग, म्हणजे मिनिटाला किती लिटर तेल.

म्हणून आधी जॅक मोजा. 63 मिमी बोअर (आतला व्यास) आणि 500 मिमी स्ट्रोकचा (दांडा जेवढा बाहेर येतो तेवढी लांबी) जॅक पूर्ण उघडायला सुमारे 1.56 लिटर तेल लागतं, दोन जॅकना 3.1 लिटर. मिनिटाला 20 लिटर देणारा पंप असेल तर बकेट वर जायला नऊ सेकंद लागतील, 40 लिटरचा असेल तर पाचाच्या आत. उकिरड्यावरून ट्रॉली भरताना हा फरक प्रत्येक बकेटला जाणवतो.

मग 60 लिटरचाच घ्यावा का? नको. 40 लिटर तेल 150 बारवर ढकलायला 10 किलोवॅट लागतात, घर्षण आणि आतली गळती धरून पंधरा-सोळा एचपी. 35 एचपीच्या थकलेल्या इंजिनाला एवढं पुष्कळ झालं. माझ्या मते अशा ट्रॅक्टरला 30 ते 40 लिटर बरोबर.

हे लिटर मिनिटाला किती फेऱ्यांना मिळतात, ते विचारायचं राहून जातं. 25 सीसीचा, म्हणजे एका फेरीत 25 मिलिलिटर तेल देणारा पंप 1500 फेऱ्यांना 37 लिटर देतो. तोच पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या, मिनिटाला 540 फेऱ्यांनी अवजारं चालवणाऱ्या शाफ्टवर थेट लावला तर साडेतेरा. पीटीओवर लावायचा तर 1:3 चा स्टेप-अप गिअरबॉक्स हवाच.

पण पीटीओवर लावण्याआधी क्लच बघा. माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरना सिंगल क्लच असतो. पेडल दाबलं की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. तुम्ही भरलेली बकेट घेऊन ट्रॉलीजवळ येता, थांबायला क्लच दाबता, आणि नेमक्या त्याच वेळी बकेट वर जायची थांबते. दरवेळी न्यूट्रल करून क्लच सोडायचा, उचलायचं, पुन्हा गिअर टाकायचा. दिवसभरात पाय आणि क्लच प्लेट दोन्ही दमतात. अशा ट्रॅक्टरला पंप पुढे क्रँक पुलीवरून चालवा. इंजिन सुरू तोवर तेल सुरू. मात्र साध्या गिअर पंपाच्या शाफ्टवर थेट बेल्ट चढवू नका. बेल्टची बाजूची ओढ सोसायला तो शाफ्ट बनवलेला नसतो, त्याला आतून आधार देणारे बुश एका अंगाने झिजतात. वेगळं बेअरिंग द्या, नाहीतर सरळ रेषेत कपलिंग लावा.

फिरण्याची दिशा पंपाच्या शाफ्टकडे तोंड करून बघतात. पीटीओ ट्रॅक्टरमागे उभं राहून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे त्याला थेट समोरून जोडलेला पंप घड्याळाच्या उलट दिशेचा लागतो. मध्ये एका जोडीचा गिअरबॉक्स आला की दिशा पलटते. चुकीचा पंप लावला तर सुरू करताच ऑइल सील फुटतं.

ट्रॅक्टरच्या मागच्या अवजारं उचलणाऱ्या लिफ्टच्याच पंपावर लोडर चालवायचा मोह टाळा. त्याचं तेल कमी, आणि बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये तेच तेल गिअरबॉक्सचंही असतं. लोडरची धूळ थेट तिथे जाते. टिपरचा जुना पंप घेताना लक्षात ठेवा, तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी असतो. लोडरवर तो सतत फिरेल.

पंप किंचाळत असेल तर दोष बहुधा सक्शनचा, म्हणजे टाकीतून तेल ओढणाऱ्या बाजूचा: पाइप बारीक, फिल्टर तुंबलेला किंवा सांध्यातून हवा. 40 लिटरला सव्वा इंची, आतून तार असलेला पाइप घ्या आणि टाकी पंपाच्या वर ठेवा. तेल दुधाळ दिसलं तर हवा किंवा पाणी शिरलंय. तेल तापल्यावरच लोडर मंद होत असेल तर पंप झिजलाय किंवा तेल पातळ आहे. 68 नंबरचं हायड्रॉलिक तेल वापरा. लिव्हर मधोमध असताना बकेट आपोआप खाली येत असेल तर पंप बदलू नका, जॅकचं सील आणि कंट्रोल व्हॉल्व्ह तपासा.

आणि होजमधली बारीक गळती हाताने कधीही शोधू नका. त्या दाबाचं तेल कातडीतून आत शिरतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा, आणि बकेट जमिनीवर टेकवूनच सांधा सोडा.