आजारातून उठून पाइप पेटवताय? या चुका टाळा

टायफॉइडनंतर सहाव्या आठवड्यात मी पाइप हातात घेतला आणि चौथ्या झुरक्याला घामानं डबडबलो. तोंडाला पाणी सुटलं, पोटात ढवळलं, अंगणातल्या कठड्याला धरून खाली बसलो. सकाळपासून पोटात फक्त पेज गेली होती आणि पाइपच्या वाटीत भरली होती काळी, कडक बर्ली, म्हणजे तंबाखूची एक जात. उपाशीपोटी, अशक्त अंगाला निकोटीन असंच लागतं. असं झालं तर पाइप तिथंच ठेवा, वाऱ्याला बसा, घोट घोट पाणी प्या. त्या दिवशी पुन्हा पेटवू नका.

‘पाइपचा धूर छातीत ओढत नाही, त्यामुळं आजारातही चालतो’ ही सगळ्यात मोठी चूक. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं, रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो. ओठाच्या, तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरचा धोका तर पाइपवाल्यालाही आहेच. न्यूमोनिया, टीबी, दमा, हृदयविकार किंवा ऑपरेशन यांतून उठत असाल तर पाइप कपाटातच राहू द्या. दम्यावरचं थिओफिलिन तर धुरामुळं शरीरातून लवकर निघून जातं आणि औषधाचा गुण कमी पडतो. काय ओढता ते डॉक्टरांना खरं सांगा. आजारपणात सवय आपसूक सुटली असेल तर ती सुटलेलीच राहू द्या, हे अगदी मनापासून सांगतो.

हे कळूनही जे पुन्हा ओढणारच आहेत, त्यांनी जिभेची घाई करू नये. चव म्हणतो त्यातलं बरंचसं काम नाक करतं. ताप उतरला तरी नाक आणि जीभ दोन्ही बधिर असतात, मग चव लागत नाही म्हणून माणूस कडक माल शोधतो किंवा जोरजोरात ओढतो. जोरात ओढलं की वाटी तापते, धूर गरम येतो आणि जीभ सोलवटते. माझी खूण सोपी आहे. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ल्यावर लसूण वेगळा, दाण्याचा खमंगपणा वेगळा लागला, म्हणजे जीभ जागेवर आली.

तेव्हाही सुरुवात साध्या पानानं करावी. नुसती व्हर्जिनिया, ही तंबाखूची दुसरी जात, किंवा नुसती हलकी बर्ली. व्हर्जिनियात साखर जास्त, वास वाळल्या गवतासारखा गोडसर, पण भराभर ओढली तर जीभ तीच जास्त पोळते. बर्लीत साखर जवळजवळ नसते, चव शेंगदाण्याच्या अंगानं जाते, पण निकोटीन बहुधा जास्त. व्हॅनिला-चेरीचा सुवास घातलेला माल आजाऱ्याला हलका वाटतो. मला तो पटत नाही. तो ओलसर असतो, वाफ धरतो आणि पानाची खरी चव कळूच देत नाही.

आता खास सोलापुरातली चूक. पाइपचा तंबाखू गल्लीतल्या टपरीवर मिळत नाही, पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. तो संपला की हात विडीच्या जर्द्याकडं जातो. मीही गेलो होतो. शेजारच्या अक्कांची सगळी हयात विड्या वळण्यात गेली. मांडीवर सूप, भिजवलेलं तेंदूपान कात्रीनं कापायचं, चिमूटभर जर्दा, दोरा. मी पाइप पुढं केला तर त्या म्हणाल्या, “ह्यो बारीक भुगा हाय, तुमच्या नळीत जाऊन बसतो. आन आमी नुसतं वास घेऊन खोकतो की ओ, तुमी कालच खाटेवरून उठलाव.” दोन्ही गोष्टी खऱ्या. जर्दा बारीक आणि कडक असतो, वाटीत दाबून बसतो, हवा खेळत नाही. खायच्या तंबाखूचं तर नावच नको, तो जाळायला केलेलाच नसतो.

इथला उन्हाळा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. उघडी पुडी दोन दिवसांत कुरकुरीत होते, मग तो तंबाखू झपाट्यानं जळून तोंड भाजतो. त्यावर बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड टाकायचा जुना उपाय आहे, तो करू नका. बुरशी धरते, आणि आजारातून उठलेल्या माणसानं बुरशीचा धूर घेणं म्हणजे आगीत तेल. घट्ट झाकणाची काचेची बरणी घ्या. तंबाखू वाळलाच असेल तर उकळून घेतलेला भाजक्या मातीचा छोटा तुकडा ओला करून, पुसून, एक दिवस आत ठेवा. चिमूट दाबून सोडली की पान सावकाश उलगडलं पाहिजे. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, चुरा झाला तर कमी.

वाटी अर्धीच भरा. खाली सैल, वर जरा घट्ट, आणि पेटवण्याआधी रिकामा झुरका घेऊन बघा. पातळ सरबत नळीनं ओढताना लागतो तेवढाच जोर लागावा. गुरगुर ऐकू आली तर जोर लावू नका, नळीतून पाइप क्लीनर, म्हणजे मऊ धागे गुंडाळलेली तार, फिरवून ओल काढा. वाटी हातात धरवेना इतकी तापली तर विझू द्या. विझलेला पाइप उद्या परत पेटवायचा मोह मात्र टाळा, त्या ओल्या राखेचा कडवटपणा दुखऱ्या जिभेला सहन होत नाही. आजारपणात महिनाभर पडून राहिलेला पाइपही आधी साफ करा. लाकूड साबणानं धुवायचं नाही, नळी वेगळी काढून आतली काजळी पुसायची आणि दोन दिवस सावलीत वाळू द्यायचा.