भावंडाच्या अर्जावर अमेरिकेचं ग्रीन कार्ड: फाइल कशी टाकावी आणि वीस वर्षं कशी सांभाळावी

बहिणीला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, शपथविधीचे फोटो फॅमिली ग्रुपवर आले, की दोन दिवसांत कुणीतरी विचारतंच, "मग आमची फाइल कधी टाकतेस?" फाइल टाकणं अवघड नाही. एक फॉर्म, फी आणि चार दाखले. पण भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे, की २०२५ मध्ये ज्यांचा नंबर लागत होता त्यांचे अर्ज २००६ साली दाखल झालेले होते. आज अर्ज करणाऱ्याने वीस वर्षं धरूनच चालावं, आणि त्यावरही थोडी. तोवर घरातली वडीलधारी माणसं, पत्ते, ईमेल, मुलांची वयं सगळं बदललेलं असतं. म्हणून आजच्या फॉर्मपेक्षा वीस वर्षांनंतरच्या मुलाखतीची तयारी आज करणं जास्त महत्त्वाचं.

कोण कुणासाठी अर्ज करू शकतं

अर्ज करणारा भाऊ किंवा बहीण अमेरिकेचा नागरिक हवा आणि त्याचं वय २१ पूर्ण हवं. नुसतं ग्रीन कार्ड असलेल्याला भावंडासाठी अर्ज करता येत नाही; हा गैरसमज अजून बऱ्याच घरांत आहे. सख्खी भावंडं चालतात. आई किंवा वडील यांपैकी एकच समान असलेली सावत्र भावंडंही चालतात. दत्तक असेल तर दत्तकविधान वयाच्या सोळाव्या वर्षाआधी झालेलं असावं लागतं. चुलत, मावस, आते, मामे भावंडं मात्र एका ताटात जेवून वाढलेली असली तरी या कायद्याला दिसत नाहीत.

या गटाचं नाव एफ-४. जगभरातल्या भावंडांसाठी वर्षाला साधारण ६५,००० व्हिसे, आणि एका देशाच्या वाट्याला एकंदर कोट्याच्या ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. त्यातही भावाबरोबर वहिनी आणि दोन मुलं आली तर चार व्हिसे खर्ची पडतात. रांग का हलत नाही, ते यावरून कळेल.

अर्ज टाकण्याआधी एक गोष्ट तपासा. आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक झालेत का, किंवा लवकरच होणार आहेत का? झाले असतील तर त्यांनी लग्न झालेल्या मुलासाठी केलेला अर्ज वेगळ्या गटात जातो. २०२५ मध्ये त्या गटात २०१०-११ सालच्या अर्जांचा नंबर लागत होता. म्हणजे चार-पाच वर्षांचा फरक. दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू ठेवता येतात, एकामुळे दुसरा अडत नाही. आई-वडिलांचं वय मात्र लक्षात घ्या, कारण अर्जदार गेला की काय होतं ते पुढे येईलच.

पहिली पायरी: एकाच आईबापाची लेकरं आहोत, हे सिद्ध करणं

दोघांचे जन्मदाखले आणि दोन्हींवर तेच आई-वडील, इतकीच मागणी. मराठी घरांत नेमकी इथेच गाडी अडते.

एक नेहमीचा नमुना घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून थोरल्याची नोंद आजोळच्या नगरपालिकेत, साताऱ्याला. धाकटी पुण्यात जन्मलेली. थोरल्याच्या दाखल्यावर आजोबांनी सवयीने आईचं माहेरचं नाव सांगितलेलं, कुसुम. धाकटीच्या दाखल्यावर लग्नात बदललेलं नाव, सुनंदा. शिवाय थोरल्याच्या नोंदीत मुलाचं नावच नाही, नुसतं 'मुलगा'. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. अमेरिकन अधिकाऱ्याला मात्र या दोन वेगळ्या बायका दिसतात, आणि त्यांतल्या एकीला झालेला एक निनावी मुलगा.

यावर उपाय आहेत, पण ते आत्ताच करावेत. जन्माच्या नोंदीत मुलाचं नाव घालून घ्यायचं. आईच्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, आणि नाव राजपत्रात बदललेलं असेल तर त्या राजपत्राचं पान, हे सगळं एकत्र ठेवायचं. वडिलांच्या बाजूने नातं दाखवायचं झालं तर वडिलांच्या लग्नाचा पुरावाही जोडावा लागतो, त्यामुळे आई-वडिलांच्या विवाहाचा कागद कसाही लागतोच. जुन्या लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर दोघं हयात असताना करून घ्या.

जन्माची नोंदच सापडत नसेल, आणि १९७० च्या आधीच्या जन्मांबाबत हे सर्रास घडतं, तर आधी तसं लेखी घ्यायचं. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला मिळतो. त्याशिवाय पुढचे पुरावे कुणी बघत नाही. मग शाळा सोडल्याचा दाखला, शक्य असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, आणि जन्माची स्वतःला माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रं. या व्यक्ती म्हणजे मामा, आत्या, शेजारच्या काकू. प्रतिज्ञापत्रात त्यांचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, तुमच्याशी नातं आणि मुख्य म्हणजे ही गोष्ट त्यांना कशी माहीत, हे स्पष्ट हवं. 'मी ओळखतो' एवढ्यावर भागत नाही. 'बाळंतपणाच्या वेळी मी त्याच घरात होते' असं वाक्य हवं. ऐंशीच्या घरातली आत्या वीस वर्षांनी सही करायला असणार नाही. फॉर्म पुढच्या महिन्यात भरा हवं तर, पण आत्याची सही या आठवड्यात घ्या.

मराठीतल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्क्यातल्या मजकुरासकट. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून द्यायचं, की आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व बरोबर आहे. त्याने नाव, सही, तारीख घातली की झालं. ते नोटरी करायची सक्ती नाही. पण भाषांतर अर्जातल्या कुणी न करता तिसऱ्या माणसाने केलेलं बरं.

दुसरी पायरी: आय-१३०

आय-१३० म्हणजे नातेवाइकासाठी करायच्या अर्जाचा फॉर्म. तो अमेरिकेतल्या भावंडाने भरायचा, तुम्ही नाही. ऑनलाइन भरला तर एप्रिल २०२४ पासून फी ६२५ डॉलर, कागदावर ६७५. भरण्याआधी सरकारी साइटवर एकदा आकडा बघून घ्या, फी बदलत राहते. प्रत्येक भावंडासाठी वेगळा फॉर्म आणि वेगळी फी. पण वहिनी-मुलांसाठी वेगळा नाही, त्यांची नावं त्याच फॉर्ममध्ये येतात. सगळ्या मुलांची नावं घाला, लग्न झालेल्या मुलीचंही. पुढे नंबर लागेल तेव्हा न लिहिलेलं मूल प्रश्न निर्माण करतं. तुमचं नाव आणि पत्ता देवनागरीत लिहायलाही फॉर्ममध्ये जागा असते. तिथे जन्मदाखल्यावरचं लेखन जसंच्या तसं ठेवा.

सोबत अर्जदाराच्या अमेरिकन पासपोर्टची किंवा नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत आणि वर सांगितलेले कागद. काही दिवसांत पोचपावती येते. तिच्यावरची 'प्रायॉरिटी डेट' म्हणजे तुमचा रांगेतला नंबर. ही पावती दोन्ही घरांत, कागदावर आणि डिजिटल, अशी ठेवा.

मंजुरी यायला वर्षं लागू शकतात. फी जास्त भरून लवकर करून घ्यायची सोय या फॉर्मला नाही, आणि 'आमची आत ओळख आहे' म्हणणाऱ्या एजंटालाही ती सापडलेली नाही. मंजुरी उशिरा आली म्हणून रांगेतला नंबर मागे जात नाही. उलट मुलांच्या दृष्टीने उशीर फायद्याचाच.

मुलांच्या वयाचा हिशेब

तुमच्याबरोबर फक्त २१ वर्षांखालची, अविवाहित मुलं येऊ शकतात. २००२ सालच्या एका कायद्याने यात थोडी सवलत दिली आहे: आय-१३० मंजुरीसाठी जितके दिवस पडून होता, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. समजा, नंबर लागला तेव्हा मुलगी २६ वर्षांची आहे आणि अर्ज मंजूर व्हायला सात वर्षं लागली होती. २६ वजा ७ म्हणजे १९. ती बसते. मंजुरी सहा महिन्यांत आली असती तर हिशेब साडेपंचवीसवर थांबला असता आणि ती बाहेर. नंबर लागल्यापासून एका वर्षाच्या आत पुढचा अर्ज करावा लागतो, आणि तोवर तिचं लग्न झालेलं नसावं.

स्पष्टच सांगायचं तर आज दहावीत असलेल्या मुलासाठी ही वाट जवळजवळ बंद आहे. आज पाळण्यात असलेल्याला संधी आहे. जे अजून जन्मलेलंच नाही, त्याला सगळ्यात चांगली. अर्जानंतर झालेली मुलं आणि अर्जानंतरचं लग्न दोन्ही आपोआप धरली जातात. वय उलटून गेलेल्या मुलाला बापाच्या अर्जाची जुनी तारीख मिळावी, ही आशा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये संपवली. मुलांच्या शिक्षणाचे बेत या फाइलवर आखू नका.

मधली वर्षं

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात कौटुंबिक गटाच्या तक्त्यात एफ-४ ची ओळ आणि भारताचा रकाना बघायचा. तुमची तारीख तिथल्या तारखेच्या आधीची झाली की नंबर लागला. वर्षातून एकदा पाहिलं तरी पुरे. ही तारीख कधीकधी मागेही सरकते, आणि दर महिन्याला बघणाऱ्याचा फक्त रक्तदाब वाढतो.

रकाना ठरतो जन्माच्या देशावरून, पासपोर्टवरून नाही. गोव्यात जन्मून पुढे पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला माणूसही भारताच्याच रांगेत असतो. पण नवरा किंवा बायको कुवेत, मस्कत अशा ठिकाणी जन्मलेली असेल तर त्या देशाच्या रकान्यात जाता येतं. तिथली तारीख २०२५ मध्ये भारताच्या साधारण वर्षभर पुढे होती. वर्ष म्हणजे वर्ष.

टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये, तुमच्यासाठी कुणी स्थलांतराचा अर्ज केला आहे का, असा प्रश्न असतो. उत्तर 'हो' द्यायचं. त्याने व्हिसा नाकारला जाण्याची शक्यता थोडी वाढते, हे खरं आहे, आणि भाचीच्या मुंजी-बारशाला जाणं ज्यांना महत्त्वाचं आहे त्यांनी फाइल टाकण्याआधी याचा विचार करावा. पण 'नाही' लिहून पकडले गेलात तर कायमची बंदी येऊ शकते, ग्रीन कार्डसकट. नोकरीसाठीच्या एच-१बी किंवा एल-१ व्हिशाला या फाइलमुळे अडचण येत नाही. नुसती फाइल चालू आहे म्हणून अमेरिकेत राहण्याचा कुठलाही हक्क मात्र मिळत नाही.

फाइलवर ऑफिसचा ईमेल देऊ नका. नोकरी बदलते. पत्ता बदलला की कळवा.

नंबर जवळ आल्यावर

मंजूर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी फी आणि कागद गोळा करणाऱ्या अमेरिकन सरकारी कार्यालयाकडे जाते. तिथून पत्र आलं की पोर्टलवर फी भरायची: प्रत्येक माणसामागे ३२५ डॉलर, आणि आर्थिक हमीपत्राचे १२०. पैसे अमेरिकन बँक खात्यातून जातात, त्यामुळे ते भावंडानेच भरायचे. मग प्रत्येकाचा डीएस-२६० हा व्हिशाच्या अर्जाचा फॉर्म, दाखले, पासपोर्ट ऑफिसमधून काढलेलं पोलिस क्लिअरन्स. सोळाव्या वर्षानंतर आखातात किंवा आणखी कुठे वर्षभर राहिला असाल तर तिथलंही. पत्रानंतर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर फाइल बंद होऊ शकते. वीस वर्षं वाट बघून असं झालेली घरं आहेत.

आय-८६४ हे हमीपत्र भावाने द्यायचं असतं, आणि इथे वय आडवं येतं. फाइल टाकताना चाळिशीत असलेला भाऊ आता निवृत्त असतो. सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, आणि त्यात त्याच्या घरची माणसं अधिक येणारी माणसं मोजली जातात. तो आणि त्याची बायको दोघं, तुम्ही चौघं, म्हणजे सहा. २०२५ च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला सुमारे ५४,००० डॉलर. पेन्शनवर जमत नसेल तर दुसरा हमीदार चालतो, बहुधा पुतण्या किंवा भाची. तरी भावाचं हमीपत्र लागतंच. दुसऱ्या हमीदाराला हे आधी समजावून सांगा, की ही सही नावापुरती नाही. येणारा माणूस नागरिक होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर सुमारे दहा वर्षांचं काम जमा होईपर्यंत ती जबाबदारी राहते.

अर्जदार भाऊ मधल्या काळात वारला तर फाइल त्याच्याबरोबर संपते. अर्ज आधीच मंजूर झालेला असेल तर मानवतेच्या आधारावर तो पुन्हा चालू करण्याची विनंती करता येते, आणि त्याच्या जागी घरातला दुसरा पात्र हमीदार उभा करावा लागतो. ती मान्य करणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतं. भावंडं तीन असतील आणि दोघं अमेरिकेत नागरिक असतील, तर दोघांनीही तिसऱ्यासाठी स्वतंत्र अर्ज टाकावेत. ६२५ डॉलरमध्ये इतका स्वस्त विमा दुसरा नाही.

मुलाखत

मुंबईत मुलाखत म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली वकिलात. त्याआधी त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच वैद्यकीय तपासणी आणि लशी; फॅमिली डॉक्टरचं प्रमाणपत्र चालत नाही. सगळे मूळ कागद सोबत न्या, तो जनरल रजिस्टरचा उतारासुद्धा. भावाबरोबरचे जुने फोटो, लग्नपत्रिका असल्या तर बाळगा. प्रश्न साधे असतात: भाऊ कुठे राहतो, काय करतो, शेवटचं कधी भेटलात, आई-वडिलांची नावं काय.

व्हिसा मिळाल्यावर ऑनलाइन प्रत्येकी २३५ डॉलर भरा, म्हणजे प्लास्टिकचं कार्ड अमेरिकेतल्या पत्त्यावर पोस्टाने येतं. व्हिशाची मुदत फार तर सहा महिन्यांची असते, आणि ती वैद्यकीय तपासणीच्या तारखेला बांधलेली असते. त्या आत एकदा अमेरिकेत उतरावंच लागतं. मुलीची परीक्षा असेल तर ती आणि तिची आई मागाहून येऊ शकतात, पण ज्याच्या नावावर अर्ज आहे त्याने आधी किंवा त्यांच्यासोबतच प्रवेश करायचा. त्यांना पुढे पाठवून आपण मागे राहायचं नाही.